मैफलीची टेप पुढे देताना: ग्रेटफुल डेडच्या निमित्ताने लाइव्ह रॉक ऐकणाऱ्यांसाठी

आवडलेलं गाणं मित्राला पाठवणं आता एका बोटाचं काम झालं आहे. लिंक जाते, समोरून अंगठा येतो आणि गाणं बहुतेक वेळा ऐकलंच जात नाही. रॉक रसिकांच्या एका मोठ्या परंपरेत मात्र रेकॉर्डिंग दुसऱ्याच्या हाती देणं हे जबाबदारीचं काम मानलं गेलं. ती परंपरा कॅलिफोर्नियातल्या ग्रेटफुल डेड या बँडभोवती वाढली. तिची शिस्त आजही उपयोगी पडते, म्हणून हा लेख तिच्या आधाराने लिहिला आहे: रेकॉर्डिंग कसं निवडावं, कसं तपासावं, सोबत काय लिहावं आणि कोणाला काय द्यावं. बँड तुमच्या आवडीचा दुसरा कोणताही असला तरी पद्धत तीच.

थोडी पार्श्वभूमी आधी. डेड १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं वाजत राहिले आणि त्यांच्या सुमारे २,३०० मैफली झाल्या. रोज गाण्यांची यादी वेगळी, आणि तेच गाणं आज सहा मिनिटांचं तर उद्या वीस मिनिटांचं. साहजिकच अल्बम घेऊन कोणाचं समाधान होईना. श्रोते टेपरेकॉर्डर घेऊन येऊ लागले. बँडने त्यांना हाकललं नाही, उलट १९८४ साली ध्वनिनियंत्रकाच्या मागे टेप करणाऱ्यांसाठी अधिकृत जागाच राखून ठेवली. अट एकच होती: पैसे कमवायचे नाहीत. टेपच्या बदल्यात टेप द्यायची. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नाही त्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचं टपालखर्च पाठवायचा. जुना माणूस त्या भरून परत पाठवी, आणि आपण नवे असताना आपल्यालाही कोणीतरी असंच दिलं होतं, एवढाच त्यामागचा हिशेब असे.

आपल्याकडे ख्याल गायकांच्या खासगी मैफलींची स्पूल आणि कॅसेट रसिकांच्या घरून घरी गेली, ती याच भावनेने. ज्यांनी ते वातावरण पाहिलं आहे त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल.

तारीख नीट वाचा

सुरुवात इतक्या साध्या गोष्टीपासून करायचं कारण आहे. लाइव्ह रेकॉर्डिंगच्या जगात मैफलीचं नाव म्हणजे तिची तारीख. डेडची सगळ्यात गाजलेली मैफल चाहत्यांमध्ये ‘५/८/७७’ म्हणून ओळखली जाते. आपल्या सवयीने ती ५ ऑगस्ट वाटते, पण ती आहे ८ मे १९७७. अमेरिकेत महिना आधी लिहितात. ही गफलत एकदा फाईलच्या नावात शिरली की हातोहात पुढे जाते. म्हणून नाव देताना वर्ष, महिना, दिवस हा क्रम ठेवा: १९७७-०५-०८. यात गोंधळ राहत नाही, आणि फोल्डर आपोआप कालक्रमाने लागतात.

स्रोत ओळखा

एकाच मैफलीची पाच-सात रेकॉर्डिंग सहज मिळतात, आणि ती एकमेकांपासून फार वेगळी असतात. मुख्य प्रकार तीन.

साउंडबोर्ड म्हणजे मिक्सरमधून थेट घेतलेला आवाज. स्वच्छ, जवळचा, शब्द स्पष्ट. पण एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. मिक्सरमध्ये जातं ते सभागृहाला ऐकवण्यासाठी लागणारं मिश्रण. लहान सभागृहात गिटारचा अँप्लिफायर मुळातच मोठा वाजत असतो, त्यामुळे मिक्सरमध्ये गिटार कमी ठेवतात आणि गायन वर येतं. टेपवर मग गायन पुढे आणि गिटार मागे असं विचित्र चित्र उमटतं. साउंडबोर्ड म्हणजे सर्वोत्तम, हे सरसकट खरं नाही.

ऑडियन्स रेकॉर्डिंग म्हणजे श्रोत्यांमधून मायक्रोफोनवर घेतलेलं. यात सभागृह ऐकू येतं, टाळ्या येतात, शेजारच्याची बडबडही येते. चांगल्या जागी, उंच स्टँडवर, चांगल्या मायक्रोफोनने केलेलं ऑडियन्स रेकॉर्डिंग मला कोरड्या साउंडबोर्डपेक्षा पुष्कळदा जास्त आवडतं. एखादं गाणं सुरू होताच हजारो माणसं ओळखून ओरडतात, तो क्षण साउंडबोर्डवर जवळपास हरवतो.

मॅट्रिक्स म्हणजे या दोन्हींचं मिश्रण. ते करणं वाटतं तितकं सोपं नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे मंचापासून ३० मीटरवरच्या मायक्रोफोनला तो मिक्सरपेक्षा सुमारे ९० मिलिसेकंद उशिरा पोचतो. हे अंतर जुळवलं नाही तर प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येतो. शिवाय दोन यंत्रांची गती तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे सुरुवातीला जुळवलेलं तासाभराने सुटतं. कोणी मॅट्रिक्स दिलं तर शेवटच्या गाण्यातले ड्रम लक्ष देऊन ऐका. ते स्वच्छ असतील तर काम कसोशीने झालं आहे.

चौथा प्रकार रेडिओ प्रक्षेपणाचा. एफएमवरून घेतलेली रेकॉर्डिंग समतोल असतात, मात्र वरचे स्वर १५ किलोहर्ट्झच्या आसपास संपतात. याचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

कुठून घ्यायचं

सुरुवातीला इंटरनेट आर्काइव्हचा लाइव्ह म्युझिक विभाग पुरेसा आहे. २००२ साली ईट्री या टेप-रसिकांच्या गटाच्या साथीने तो सुरू झाला आणि आज तिथे दोन लाखांहून अधिक मैफली आहेत. परवानगी दिलेल्या बँडचंच संगीत तिथे ठेवलं जातं, म्हणून निर्धास्तपणे घेता येतं. डेडच्या बाबतीत मात्र एक फरक पाळायचा. २००५ मध्ये मोठी खळबळ झाली. सगळीच रेकॉर्डिंग उतरवून घेण्याची सोय बंद झाली, चाहते चिडले, आणि शेवटी तोडगा असा निघाला की ऑडियन्स रेकॉर्डिंग उतरवून घेता येतील, साउंडबोर्ड तिथल्या तिथे ऐकायची. तेव्हा मित्राला डेडचं साउंडबोर्ड द्यायचं असेल तर लिंक द्या, फाईल नको. जी मैफल अधिकृतपणे विक्रीला आहे ती विकतच घ्यावी. वर उल्लेख आलेली ८ मे १९७७ ची, कॉर्नेल विद्यापीठातली मैफल २०१७ साली बाहेर आली, आणि १९७२ च्या युरोप दौऱ्याच्या सगळ्या २२ मैफली ७३ सीडींच्या संचात २०११ साली आल्या.

ज्या बँडने परवानगी दिलेली नाही त्याचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग वाटू नका. भारतीय कायद्यातही सादरीकरणावर कलाकाराचा हक्क ५० वर्षं राहतो.

फाईल तपासा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खराब प्रत पुढे गेली की ती थांबवता येत नाही. कॅसेटच्या काळात प्रत्येक प्रतीमागे खरखर वाढत जाई. म्हणून ‘कितवी पिढी?’ हा पहिला प्रश्न असे, आणि मूळ टेपवरून थेट केलेल्या प्रतीला मोठा मान असे. डिजिटलमध्ये प्रत झिजत नाही, पण एमपीथ्री केली की माहिती कायमची जाते, आणि त्या एमपीथ्रीची पुन्हा एमपीथ्री केली की आणखी जाते.

त्यामुळे देवाणघेवाण फ्लॅकमध्ये करा. फ्लॅक आकार कमी करतं, पण उलगडल्यावर मूळ बिट जसेच्या तसे परत मिळतात. सीडीच्या दर्जाचा एक तास उघड्या वेव्ह फाईलमध्ये सुमारे ६३५ एमबी होतो. फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्याच्या आसपास येतो. स्वतः प्रवासात ऐकायला एमपीथ्री खुशाल करा. ती पुढे देऊ नका.

काही लोक एमपीथ्रीचीच फ्लॅक करून पाठवतात, बहुधा नकळत. ती ओळखायला स्पेक किंवा ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कुठल्या क्षणी किती वरचे स्वर आहेत ते दाखवणारं चित्र, उघडा. १२८ किलोबिटच्या एमपीथ्रीत १६ किलोहर्ट्झच्या जवळपास सुरीने कापल्यासारखी सरळ रेषा दिसते. पण लगेच निकाल देऊ नका: एफएमचं रेकॉर्डिंग असेल तर मर्यादा मुळातलीच असते, आणि जुन्या कॅसेटवरचे वरचे स्वरही आपसूक विरत जातात. रेषा आणि स्रोत यांची सांगड घालूनच ठरवा.

दुसरी तपासणी गाण्यांच्या सांध्यांची. डेडची गाणी एकमेकांत मिसळत जातात. यादीत दोन नावांमध्ये बाणासारखं चिन्ह असतं ते यासाठीच. अशा ठिकाणी एमपीथ्रीमध्ये बारीक खंड पडतो. सीडीसाठी कापलेल्या फाईलमध्येही ‘टक्’ असा आवाज येऊ शकतो, कारण सीडी सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाच्या ठोकळ्यांत चालते आणि काप त्या ठोकळ्याच्या मध्येच पडलेला असतो. प्रत्येक सांध्याआधीचे आणि नंतरचे दहा सेकंद ऐकलेत तरी दोष कळतो.

तिसरी तपासणी सुराची. पुरवठ्यातला वीजदाब किंवा दमलेली बॅटरी यामुळे टेप हळू किंवा जलद चाललेली असते. गिटार किंवा ट्यूनर हाताशी असेल तर एखाद्या ओळखीच्या गाण्याचा सूर जुळवून पाहा. अर्ध्या सुराने वर गेलेला गायक वेगळाच माणूस वाटतो.

फोल्डरसोबत एमडी५ किंवा फ्लॅक-फिंगरप्रिंटची, म्हणजे प्रत्येक फाईलच्या ओळखक्रमांकांची, छोटी फाईल असेल तर ती काढून टाकू नका. तिच्यावरून उतरवून घेणाऱ्याला एका मिनिटात कळतं की एकही बिट हललेला नाही.

माहितीची फाईल

मला या सगळ्या परंपरेतली ही गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते. प्रत्येक मैफलीसोबत एक साधी टेक्स्ट फाईल जाते, आणि ती नसेल तर जाणकार माणूस रेकॉर्डिंग घ्यायलाही नाखूश असतो. तीत एवढं हवं:

बँडचं नाव. तारीख. सभागृह, गाव. स्रोत: साउंडबोर्ड की ऑडियन्स, ऑडियन्स असेल तर मायक्रोफोन कोणते आणि कुठे उभे केले होते. वंशावळ: मूळ रील, मग डॅट (डिजिटल टेप), मग संगणक, मग फ्लॅक, अशी पायरीपायरीने. कोणी रेकॉर्ड केलं, कोणी संगणकावर घेतलं. गाण्यांची यादी, सेटप्रमाणे, म्हणजे मध्यंतराच्या आधीची आणि नंतरची वेगळी. आणि उणिवा: कुठे टेप उलटताना स्वर तुटला, कुठे दुसऱ्या स्रोतावरून ठिगळ लावलं.

उणिवा लिहायला लोक कचरतात. लिहा. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते, आणि ती नेमकी सगळ्यात रंगलेल्या जागी संपते हे टेप करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ऐकणाऱ्याला आधी सांगितलं की तो दचकत नाही.

वंशावळ का जपायची, हे कॉर्नेलच्या टेपवरून नीट समजतं. ती मैफल बेटी कँटर-जॅक्सन या ध्वनितंत्रज्ञ बाईंनी रीलवर घेतली. त्यांनी घेतलेली रील पुढे एका भाड्याच्या गोदामात पडून राहिली, भाडं थकलं आणि १९८६ मध्ये सगळ्याचा लिलाव झाला. विकत घेणाऱ्यांकडून प्रती निघाल्या आणि चाहत्यांत पसरल्या, ‘बेटी बोर्ड’ या नावाने. मैफल आधीपासून नावाजलेली होती, पण इतक्या स्वच्छ आवाजात ती घरोघर पोचल्यावर तिची कीर्ती वेगळ्याच उंचीवर गेली. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत समाविष्ट केली. कोणाच्या हाताने काय झालं हे चाहत्यांनी फाईलींमध्ये लिहून ठेवलं, म्हणून त्या बाईंचं नाव टेपपासून सुटलं नाही.

कोणाला काय द्यायचं

आता मुख्य काम. पूर्ण हार्डडिस्क भरून देण्यात प्रेम दिसतं, पण ती ऐकली जात नाही. एका वेळी एकच रेकॉर्डिंग द्या आणि कुठल्या मिनिटापासून ऐकायचं ते सांगा. निवडताना आपली आवड बाजूला ठेवून समोरच्याच्या कानांचा विचार करा.

मित्र शास्त्रीय संगीत ऐकणारा असेल तर त्याला विस्तार नवा नाही, त्यामुळे रॉकमधला विस्तारच दाखवा. ‘डार्क स्टार’ हे गाणं १९६८ साली छोट्या तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांपेक्षाही कमी होतं. २७ फेब्रुवारी १९६९ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर वेस्टमध्ये तेच तेवीस मिनिटं वाजलं, आणि ‘लाइव्ह/डेड’ या अल्बमवर आहे. आधी छोटं ऐकवा, लगेच मोठं. मधली वीस मिनिटं कुठून आली हे त्याला कोणी समजावून सांगावं लागत नाही.

तालात रमणारा असेल तर ‘द इलेव्हन’ द्या. अकरा मात्रांचं आवर्तन, ३-३-३-२ असं मोजता येतं. दोन ड्रमवादक आणि त्यावर गिटार. तबला शिकलेला माणूस दुसऱ्या मिनिटाला मांडीवर मात्रा मोजू लागतो.

आणि मुंबईकराला देण्यासाठी माझ्याकडे एक जोडी कायम तयार असते. डेडचा ड्रमवादक मिकी हार्ट हा उस्ताद अल्लारखाँकडे शिकलेला. माहीमला वाढलेले उस्ताद झाकीर हुसेन आणि हार्ट यांनी कॅलिफोर्नियात तालवाद्यांचा दिगा ऱ्हिदम बँड जमवला. १९७६ च्या त्यांच्या अल्बमवर ‘हॅपिनेस इज ड्रमिंग’ नावाची रचना आहे, डेडचा गिटारवादक जेरी गार्सिया याची गिटारही तीवर आहे. त्याच रचनेला शब्द मिळाले आणि ती डेडची ‘फायर ऑन द माउंटन’ झाली. आता कॉर्नेल लावा, दुसरा सेट. ‘स्कार्लेट बेगोनियाज’ संपतासंपता ड्रम पाया बदलतात आणि ‘फायर’ सुरू होतं. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांहून जास्त. आधी दिगा, मग कॉर्नेल, हा क्रम बदलू नका. उलट्या क्रमाने ऐकलं तर दिगा नुसता कच्चा खर्डा वाटतो.

शब्दांवर जीव असणाऱ्याला लांबलचक वादन देऊन पळवून लावू नका. २ मे १९७० ची हार्पर कॉलेजची मैफल अकूस्टिक गाण्यांनी सुरू होते. गप्पा, हशा, मोकळी गिटार. मैफल पुढे पेटते तोवर तो बसलेला असतो.

ज्याला तासलेलं, जोरकस रॉक हवं आहे त्याच्यासाठी डेड ही चुकीची सुरुवात आहे. त्याला पर्ल जॅम या बँडच्या २००० सालच्या दौऱ्यातली एखादी मैफल विकत घेऊन द्या. त्या दौऱ्यातल्या ७२ मैफली बँडने स्वतःच सीडीवर काढल्या, त्यामुळे कायद्याचाही प्रश्न नाही.

पाठवताना दोन-तीन व्यावहारिक गोष्टी. व्हॉट्सअॅपवर फाईल डॉक्युमेंट म्हणून पाठवा. दोन जीबीपर्यंत जाते. आयफोनच्या म्युझिक अॅपमध्ये फ्लॅक चालत नाही, समोरच्याला व्हीएलसी हे अॅप टाकायला सांगा. आणि सोबत चार ओळी लिहा, स्वतःच्या शब्दांत: का पाठवतो आहे, कुठे लक्ष द्यावं. ‘सव्वानऊव्या मिनिटाला बास काय करतो बघ’ एवढं वाक्यही पुरतं. समोरच्याला आवडलं नाही तर वाद घालू नका. काय खटकलं ते विचारा, पुढची निवड त्यावरूनच सुचते.

तुमच्या माळ्यावरची कॅसेट

मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक होत असे. रॉक मशीन, म्हणजे नंतरचे इंडस क्रीड, आणि कॉलेजांच्या महोत्सवांत वाजणारे कितीतरी बँड त्या काळात होते. त्यातल्या अनेकांचा एकही अल्बम निघाला नाही. कोणाच्या तरी वॉकमनवर घेतलेली टेप हाच त्यांचा पुरावा असू शकतो. अशी टेप घरात असेल तर हे काम पावसाळ्याआधी काढा, कारण दमट हवेत टेपवर बुरशी धरते. पांढरे ठिपके दिसले तर ती टेप डेकमध्ये, म्हणजे कॅसेट वाजवायच्या यंत्रात, घालू नका. बुरशी हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते आणि तिथून पुढच्या टेपांवर जाते. अशी टेप जाणकाराकडे साफ करायला द्यावी.

टेप चांगली असेल तर आधी डेकचं हेड आणि रबरी चाक स्वच्छ करा. हेडला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी पुरते. टेप एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे गुंडाळी सैल-घट्ट राहत नाही. आवाज दबलेला वाटला तर हेडचा कोन बारीक स्क्रूने फिरवून पाहा; योग्य जागी झांजा एकदम उजळतात. ज्या यंत्रावर टेप केली त्याच्या हेडचा कोन तुमच्या डेकसारखा क्वचितच असतो, म्हणून हे प्रत्येक टेपसाठी नव्याने करावं लागतं. डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) बंद ठेवा, टेपवर तसा उल्लेख असेल तरच चालू करा. संगणकावर २४ बिटमध्ये घ्या, सगळ्यात मोठा आवाजही उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. खरखर काढणारी सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर चालवू नका. मूळ तशीच ठेवा आणि साफसफाई दुसऱ्या प्रतीवर करा.

मग माहितीची फाईल लिहायला बसा. तारीख आठवत नसेल तर कॅसेटच्या पुठ्ठ्यावरची नोंद, जुनं तिकीट, त्या वेळच्या मित्रांची आठवण, यांवरून जितकं जवळ जाता येईल तितकं जा आणि अंदाज असेल तिथे ‘अंदाजे’ असं लिहा. बँडमधली माणसं शोधा. बहुतेक जण याच शहरात असतात, आणि आपलं इतक्या वर्षांपूर्वीचं वादन त्यांच्यापाशीही नसतं. त्यांना आधी प्रत द्या, ऐकू द्या. त्यानंतर लेखी परवानगी मागा, तीन वाक्यांत: हे रेकॉर्डिंग आम्ही वाजवलेलं आहे; ते विनामूल्य ऐकायला आणि वाटायला आमची हरकत नाही; ते कोणीही विकू नये. बँडच्या सगळ्या सदस्यांचा होकार ईमेलवर आला की तो मजकूर फोल्डरमध्ये माहितीच्या फाईलशेजारी ठेवा. एखाद्याने नकार दिला तर ती टेप डिजिटल करून त्यांच्या हवाली करा आणि वाटू नका.